दुसऱ्या पाळीचे बूट

आमच्या घरात कपडे वाळत घालायची काठी ॲल्युमिनियमची आहे. वर हाताला अडकवायचा पट्टा, खाली लोखंडी टोक, मधे किंचित वाकलेली. लालबागच्या चाळीत होतो तेव्हा गॅलरीतल्या उंच दांड्यांवर चादरी आणि परकर हिनेच चढायचे. आता टॉवरमध्ये आलो, गॅलरी गेली, दांड्या खिडकीत आल्या, पण आईने काठी टाकू दिली नाही. कुणी नवीन माणूस आलं की विचारतं, ही कसली हो काठी? आई पदर सारखा करून, माझ्याकडे बोट दाखवत सांगते, "ती आमच्या चेडवाची. बर्फावरची." मी लगेच आत चहा ठेवायला जाते. पुढचा प्रश्न मला पाठ आहे. जिंकली होतीत का?

परवा वैजूचा फोन आला.

"आलेय मी. आईचं सामान हलवायचंय, नायगावची चाळ पाडतायत. शनिवारी पहाटे शिवडीला ये ना. आपल्या रस्त्यावर. चाकं आणलीत."

"या वयात?"

"तुझं वय झालं असेल. माझं नाही झालं."

मेली. बोलते अजून तशीच. फोन ठेवला तरी तिच्या त्या उत्तरावर मी जळत राहिले. इतक्या वर्षांत हे गेलं असेल असं मी धरून चालले होते. कुठचं जातंय!

आमच्या परळच्या कॉलेजात बर्फावरच्या शर्यतीची टीम होती, असं सांगितलं की लोक हसतात. तेव्हाही हसायचे. घामाने ब्लाउज चिकटणाऱ्या गावात कसली आलीय स्की? पण होती. आमचे सर फौजेतून आलेले. डोंगरात, बर्फात बरीच वर्षं काढून मुंबईत आले आणि इथे त्यांचा जीव रमेना. लांब पल्ल्याच्या धावण्याच्या टीममधून त्यांनी आम्हा चौघी मुलींना वेगळं काढलं आणि एक दिवस गोणपाटात गुंडाळलेल्या चाकांच्या पट्ट्या समोर ठेवल्या. दीड हात लांब पट्टी, पुढे एक चाक, मागे एक चाक. वर बुटाचं टोक अडकवायचा खटका, टाच मोकळी. दोन्ही हातांत काठ्या. त्या रोवायच्या आणि एकेका पायावर तोल टाकत पुढे सरकायचं. सर म्हणाले, "बर्फ वर्षातनं एकदा मिळेल. बाकीचं वर्ष तुमचं बर्फ म्हणजे शिवडी."

बंदराकडे जाणारा तो सरळसोट रस्ता. एका बाजूला गोदामांच्या भिंती, दुसऱ्या बाजूला चिखलाची खाडी. उजाडायच्या आधी तिथे पोचायचं, कारण उजाडलं की ट्रक निघायचे. ओहोटीच्या गाळाचा वास, डिझेलचा वास, कुठल्यातरी गोदामातून येणारा गंधकाचा उग्र वास, आणि या सगळ्यावर मात करून रस्त्याकडेच्या टपरीवरचा आल्याचा वास. थंडीत खाडीत रोहित पक्षी यायचे. अंधारात दिसायचे नाहीत, नुसती त्यांची कुरकुर ऐकू यायची, दहा बायका एकदम कुजबुजाव्यात तशी. मग हळूहळू फटफटायचं आणि काळ्या गाळावर गुलाबी रंग उमटायला लागायचा. काठ्यांची लोखंडी टोकं डांबरावर आपटायची, खट-खट, खट-खट. उभ्या ट्रकच्या केबिनमधून एखादा क्लीनर डोकं बाहेर काढून ओरडायचा, "दीदी, बरफ पिघल गया क्या?" सुरुवातीला लाज वाटायची. मग वैजूनेच एकदा त्याला सुनावलं, "हां भैया, तेरी चाय में डाल दिया." त्यानंतर तो क्लीनर रोज आम्हाला हात दाखवायचा. खरं तर तिला दाखवायचा.

बर्फ म्हणजे आम्हाला माहीत होतं ते बाजारात पापलेटाखाली असतं तेवढंच. त्याला मासळीचा वास असतो आणि ते टोचतं.

चौघींपैकी दोघींना त्यांच्या मापाचे बूट मिळाले. माझ्या आणि वैजूच्या पायांचा नंबर एकच निघाला आणि त्या नंबरचा जोड एकच होता. हा खटका त्याच बुटाला लागतो, बाजारचे चालत नाहीत. मग सरांनी आमच्या घरादाराला समजेल अशा भाषेत सांगितलं, "पाळ्या लावा. एकीची पहिली, एकीची दुसरी." दोघींचेही बाप गिरणीत होते, गिरण्या बंद पडेपर्यंत. पाळ्या काय असतात हे आम्हाला शिकवायला नको होतं.

पहिली पाळी कायम माझी. का, तर मी वेळेवर यायचे. माझी आई मला चहा देऊन, वेणी घालून जवळजवळ ढकलूनच बाहेर काढायची. वैजूची आई परळच्या एका इस्पितळात आया होती आणि पहाटेच ड्यूटीवर निघायची. घरचं पाणी वैजूने भरायचं. मग ती केस मोकळे सोडून, हातात एक पाव घेऊन, धावतपळत उगवायची तेव्हा माझी पाळी संपत आलेली असायची. सर घड्याळाकडे बघायचे, पण बोलायचे काही नाहीत. मी एकदा उशिरा आले तर मला मात्र रस्त्याच्या टोकापर्यंत दोन खेपा पळायला लावलं.

पहिली पाळी म्हणजे काय ते ज्याने केली त्यालाच कळेल. आदल्या दिवशीचा घाम बुटात वाळलेला असायचा. कॉलेजच्या स्टोअरमध्ये रात्रभर पडून कातडं सुक्या बोंबलासारखं कडक व्हायचं. पाय आत घालताना घोट्याची सालं निघायची. खाऱ्या हवेने चाकं चिकट झालेली, जोर लावावा तेव्हा फिरायची. मी घाम गाळून ते बूट मऊ करायचे, चाकं मोकळी करायचे आणि मग बाईसाहेब यायच्या. गोदामाच्या एका पायरीवर आम्ही बसायचो. मी नाड्या सोडायचे, ती चपला काढायची. बूट माझ्या पायातून निघाले की तिच्या पायात. ती डोळे मिटून म्हणायची, "अगं बाई, काय ऊन ऊन आहेत!"

मी तिच्या चपला घालून रस्त्याकडेने पळायचे, आणि ती जायची.

कशी जायची ते लिहिणं मला आजही जड जातं. खांदे हलायचे नाहीत, मान हलायची नाही. एक पाय, मग दुसरा पाय. मधे इतका वेळ ती एकाच पायावर असायची की वाटायचं आता पडणार. पडायची नाही. माझ्या काठ्यांचा आवाज खट-खट यायचा, तिच्या काठ्यांचा खट्, मग बराच वेळ काही नाही, मग खट्. सर मला ओरडून सांगायचे, "पाय बघू नकोस गं, पाय कुठं पळून जात नाहीत!" तिला काहीच सांगायचे नाहीत. हातातलं घड्याळ बघून नुसतं "हं" म्हणायचे. त्या "हं"साठी मी जीव टाकला असता. माझा वेळ तिच्याएवढा एकदाही आला नाही.

आणि मी काय म्हणायचे? बूट! ऊन बूट मिळाले तर कुणीही जाईल. मला एक दिवस दुसरी पाळी द्या, मग दाखवते. आईजवळ रोज रडगाणं. आई मासे साफ करता करता म्हणायची, "मगे माग मां तू! तोंड नाय तुका?" मागितली नाही. मागितली आणि तरीही मागे पडले तर, ही भीती आत कुठेतरी असणार. ते सोडा. जळत मात्र रोज होते. तिच्या पावाच्या तुकड्यावर जळायचे, मोकळ्या केसांवर जळायचे. ती पायांना पावडर लावायची, गुलाबाच्या वासाची. दुसऱ्या दिवशी माझ्या पाळीला त्या कडक बुटांतून स्टोअरमधल्या डांबराच्या गोळ्या आणि तिचा गुलाब असा वास यायचा. शाळेपासूनच्या मैत्रिणी आम्ही. शिवडीहून परतताना एकाच ग्लासातला चहा प्यायचो. तिला ताप आला तर मी मोसंबी घेऊन गेले, आणि त्या दिवशी एकटीला दोन्ही पाळ्या मिळाल्या म्हणून मनातून उड्याही मारल्या. पण दुसऱ्या पाळीला नेमकं सरांनी घड्याळ लावलं नाही.

हिवाळ्यात शर्यत ठरली. तिकडे वर, काश्मिरात. चौघींत आम्ही दोघीच पुढे, म्हणून सरांनी निघायच्या आधी आम्हाला वेगळं उभं करून सांगितलं. तिथल्या शिबिरात एका मुलीला सगळा हिवाळा ठेवून घेणार आहेत, शिकवणार आहेत, पुढचंही बघणार आहेत. "तुमच्यापैकी जी बर्फावर सरस, ती राहील. बूटही तिच्याबरोबर राहतील. दुसरी माझ्याबरोबर परत." वैजूने माझा हात धरला. तिचा हात गार होता. माझाही असणार.

आईने सुकटीची चटणी दिली होती. तिकडच्या वसतिगृहात डबा उघडला तसं पंजाबच्या, हिमाचलच्या मुलींनी नाकाला रुमाल लावले. वैजू म्हणाली, "खाऊन तर बघा." त्यातल्या एकीने खाल्ली आणि डबा दोन दिवसांत रिकामा झाला. बर्फाला कसलाच वास नव्हता. मी ओंजळीत घेऊन नाकाशी धरलं, काही नाही. पाऊल टाकलं की कचकच, आणि तिथल्या बिनचाकांच्या लांब पट्ट्या बांधून सरकलं की नुसतं श्श. काठी रोवली तर तिचा आवाजच येईना. शिवडीच्या खटखटीवर मी मनात मोजायचे, ते मोजणंच हरवलं. वैजू मात्र आभाळाकडे तोंड करून वेड्यासारखी हसत होती.

शर्यतीत सगळ्या एकदम सुटत नसत. एकेक मुलगी थोड्या थोड्या अंतराने सोडायची, जिचा तिचा वेळ धरायचा. म्हणूनच आमचं एका जोडावर भागणार होतं. सरांनी तिथल्या लोकांना सांगून व्यवस्था केली, आमच्यातली एक अगदी सुरुवातीला सुटेल, एक अगदी शेवटी. "कोण आधी, कोण मागून, तुमचं तुम्ही ठरवा," म्हणाले आणि चहा घ्यायला गेले.

वैजूने विचारलं, "तू आधी, की मी?"

माझं उत्तर कधीचं तयार होतं. "आज दुसरी पाळी माझी."

"नक्की?"

"का, तुलाच पाहिजे काय नेहमी?"

"तसं नाही गं. बरं. तू दुसरी."

मला तेव्हा किती आनंद झाला होता, सांगू? अख्ख्या मोसमात मी पहिल्यांदा तिचे बूट ऊन करणार नव्हते. ती माझे करणार होती.

ती सुटली तेव्हा ऊन अजून डोंगरामागे होतं. रात्रीच्या थंडीने घट्ट झालेली वाट समोर कोरी पडली होती, तिच्यावर जेमतेम दोघी-तिघींच्या खुणा. ती देवदारांमागे गेली, पलीकडे निघाली, पुन्हा गेली. मला लांबून तिचे न हलणारे खांदे दिसत होते. माझ्या शेजारी उभे असलेले कुणीतरी अनोळखी साहेब म्हणाले, "ये लडकी कहाँ की है?" सर म्हणाले, "बंबई." आणि मग तेच, "हं."

ती आली, रेषेपलीकडे आडवी झाली, आणि तशीच रांगत माझ्याकडे. नाड्या गोठल्या होत्या. तिने दाताने ओढल्या. बूट निघाले. मी पाय घातला.

आत पाणी होतं. घोट्यावरून शिरलेलं बर्फ आत वितळलेलं. ऊन कसले, बर्फाच्या पाण्यात भिजवलेल्या फडक्यात पाय घातल्यासारखं. शिवडीत दुसरी पाळी म्हणजे मऊ कातडं आणि मोकळी चाकं. तिथे दुसरी पाळी म्हणजे हे. सगळ्या मोसमात अख्खी शर्यत बर्फात भिजलेला बूट कुणी बघितला होता? आम्ही बघितला होता तो घामाचा. मी सुटले तेव्हा ऊन वर आलं होतं, आणि पुढे गेलेल्या सगळ्यांनी वाट फोडून ठेवली होती. वरचं बर्फ पिठासारखं सुटलेलं, पट्टी पुढे जायलाच तयार नाही. बोटं आधी दुखली, मग दुखायची थांबली. मी मोजायचा प्रयत्न केला, खट-खट, तोंडाने. एका उतारावर आपटले, काठी वाकली. शेवटपर्यंत गेले मात्र. वैजूपेक्षा थोडक्यात मागे पडले. अगदीच थोडक्यात. ते थोडकंच मला इतकी वर्षं पुरलंय.

त्या संध्याकाळी वैजूने माझे पाय आपल्या मांडीवर घेऊन चोळले. बोटांत जीव येताना कळ येते, मी ओरडत होते, ती रडत होती. मी मनात म्हणत होते, बूट कोरडे असते तर! तू आधी भिजवले नसतेस तर! परतताना सरांनी वाकलेली काठी मला दिली. "ठेव," म्हणाले. तेवढंच.

मग वैजू तिकडचीच झाली. शर्यती, शिबिरं, पेपरात फोटो, गाल लालबुंद. आता ती तिकडे मुलींना शिकवते. मी दादरला एका ट्रॅव्हल कंपनीत बसते आणि लोकांच्या काश्मीरच्या सहली ठरवून देते. चेष्टा नाही, खरंच. गिऱ्हाईक विचारतं, मॅडम, बर्फ नक्की मिळेल ना? मी म्हणते, मिळेल हो, स्वेटर घेऊन जा. जाड मोजे दोन-तीन जोड न्या. बूट ओले होऊ देऊ नका.

शनिवारी पहाटे निघाले तेव्हा काय सुचलं कुणास ठाऊक, काठी बरोबर घेतली. आई अंथरुणातूनच ओरडली, "काठी खंय व्हरतंस गो? कपडे कशान सुकत घालू?"

शिवडीला आता समुद्रावरून पूल गेलाय, रस्त्याचा चेहरा बदललाय. टपरीची जागा बदललीय. पण ओहोटी होती. गाळाचा वास, गंधक, आणि काळोखात ती दहा बायकांची कुजबुज. वैजू आधीच पायरीवर बसलेली. केस पांढरे, मोकळेच. पुढ्यात चाकं, दोन काठ्या आणि बुटांचा एक जोड.

"आज वेळेवर?" मी म्हटलं.

"आज पाणी भरायचं नव्हतं." मग माझ्या हातातली काठी बघून ती खदखदून हसली. "ही अजून आहे? अगं, हिला नीट तरी करायचीस!"

"कपडे वाळत घालायला वाकडीच बरी पडते. बूट तेच का?"

"ते कधीच कुजले. नंबर तोच आहे. एकच जोड आणलाय हं, मुद्दाम." तिने त्या दिवशीसारखंच विचारलं, "तू आधी, की मी?"

मी काठी पायरीला टेकवून ठेवली. मग बोलले, अगदी स्पष्ट. "वैजू, मी त्या दिवशी दुसरी पाळी मागितली नसती तर तिकडे मी राहिले असते."

मला वाटलं होतं ती नाही म्हणेल, किंवा समजूत घालेल. ती रस्त्याकडे बघत होती.

"असतीस कदाचित," ती म्हणाली. "तुला माहितेय, मी इथे तुझ्यावर किती जळायचे? पाणी भरताना बादली आपटायचे. तुला रोज रिकामा रस्ता मिळायचा. पक्षी बसलेले असायचे, ट्रक झोपलेले, सर नुसते तुझ्याकडे बघत असायचे, ओरडून ओरडून शिकवायचे तुला. मी यायचे तोवर पहिला ट्रक सुरू. धूर, हॉर्न, धूळ. सर मला कधी काही शिकवायचेच नाहीत. हं म्हणायचे आणि गप्प. तू म्हणालीस दुसरी पाळी माझी, तेव्हा मला खरंच वाटेना. म्हटलं, आज पहिल्यांदा रिकामा रस्ता मिळतोय. तो सोडतेय होय मी!"

फटफटायला लागलं होतं. गाळावर गुलाबी दिसू लागलं. इतकी वर्षं तिच्याजवळ होता तो रिकामा रस्ता माझाच, मी हाताने उचलून दिलेला. आणि त्या आधी तो रोज पहाटे मला मिळत होता आणि मी घोट्याची सालं मोजत होते. याने बरं वाटायला हवं होतं. नाही वाटलं. उलट आणखी जळले.

"तू आधी," मी म्हटलं.

"नक्की?"

"जा म्हणते ना!"

तिने बूट घातले. मी तिच्या चपला घालून कडेने पळायला लागले, आणि पन्नास पावलांत दम लागून थांबले. ती गेली. खांदे हलले नाहीत. खट्, मग बराच वेळ काही नाही, मग खट्. रस्ता रिकामा होता, सगळा तिचा. मेली अजून तशीच जाते.

ती परत आली ती धापा टाकतच. पायरीवर बसली, नाड्या सोडल्या, बूट माझ्यापुढे सरकवले. मी पाय घातला.

ऊन होते. अगदी बोटांच्या टोकापर्यंत ऊन आणि मऊ, गुलाबाच्या पावडरीचा वास असलेले. माझे डोळे आपोआप मिटले. "अगं बाई," माझ्या तोंडून निघालं.

"बघ," वैजू म्हणाली.

मी डोळे उघडले, काठ्या हातात घेतल्या, उभी राहिले. समोर पहिल्या ट्रकने इंजिन सुरू केलं होतं आणि सगळे पक्षी उडाले होते.